भिंतीवरची बुरशी आणि खोलीतलं पाणी

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-धुळे रस्ता एकमेकांना छेदतात ते ठिकाण म्हणजे कडोदरा. नवापूर, नंदुरबार, धुळे, अमळनेर या बाजूने सुरतेच्या कापडधंद्यात आलेल्या मराठी कुटुंबांना हा चौक पाठ असतो. भोवती रंगाई-छपाईच्या प्रोसेस मिल, शेजारी चलथाणचा साखर कारखाना, पाणी धरून ठेवणारी काळी जमीन, तिच्यावर कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, आणि मधल्या जागेत एकीला एक लागून बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. या भागात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. श्रावण येईपर्यंत खोल्यांच्या भिंतींवर काळेहिरवे ठिपके उमटतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो. मग ब्लीच, व्हिनेगर, कापूर, डांबरगोळ्या असं सगळं करून होतं, दिवाळीला रंगाचा हात दिला जातो आणि पुढच्या श्रावणात ठिपके त्याच कोपऱ्यात परत येतात. त्याच कोपऱ्यात, हे महत्त्वाचं. घरातल्या बुरशीबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच चुकीतून निघतात: आपण बुरशीच्या मागे लागतो आणि तिला पाणी कुठून मिळतं ते विचारत नाही.

पहिला समज असा की बुरशी बाहेरून घरात शिरते, तेव्हा तिला अडवलं की काम झालं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. झाडून पुसून लख्ख ठेवलेल्या घरातही ते असतात आणि असणारच. त्यांना रुजायला खाद्य लागतं, तेही सगळीकडे आहे. भिंतीवरची धूळ, डिस्टेंपरमधला चिकट घटक, पुठ्ठा, प्लायवूड, सुती कपड्याची खळ, यांतलं काहीही चालतं. ‘पॉलिएस्टरला बुरशी लागत नाही’ हे सुरतेच्या साड्यांबद्दल छातीठोकपणे सांगितलं जातं आणि धाग्यापुरतं ते बरंचसं खरंही आहे, पण त्या धाग्यावर बसलेला घाम, मळ आणि खळ बुरशीला पुरते. उबदार हवा तर इथे बाराही महिने आहे. म्हणजे बीजाणू, खाद्य आणि ऊब या तिन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत. चौथी, म्हणजे ओल, तेवढी काही प्रमाणात आहे. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत पुरती वाळली तर तिच्यावर सहसा बुरशी धरत नाही, हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सांगितलेला नियम जगभर वापरला जातो, आणि त्यात कुठल्याही औषधाचं नाव नाही.

आता ओळखण्याकडे वळू, कारण भिंतीवरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. विटांच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, पांढरी भुकटी फुटते आणि प्लास्टरचे पोपडे सुटतात, तो लोणा. जमिनीतलं किंवा विटांतलं क्षारयुक्त पाणी भिंतीतून वर चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला तर लोणा विरघळतो; बुरशी विरघळत नाही, बोटाखाली चिकट पसरते. दुसरा तोतया काजळीचा. प्रोसेस मिलच्या कोळशाच्या बॉयलरांजवळ राहणाऱ्यांना खिडकीच्या चौकटीवर आणि जाळीवर बसणारी काळी भुकटी नवी नाही. (2019 मध्ये कारखान्यांच्या धूलिकणांसाठी उत्सर्जन व्यापाराची योजना सुरू झाली ती याच सुरतेत, हे उगाच नव्हे.) काळ्या डागावर पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब लावावा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बहुधा बुरशी, काळाच राहिला तर काजळी. ही ओळख नुसत्या कुतूहलाची नाही. लोण्यावर बुरशीनाशक फवारणं म्हणजे पैसे फुकट घालवणं, पण लोणाही पाण्याचीच खबर देतो, हे विसरू नये.

काळ्या रंगाची भीती वेगळी आहे. 2021 च्या उन्हाळ्यात करोनानंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, देशात 45 हजारांहून अधिक नोंदले गेले, आणि सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं आणि न्हाणीघरातला काळा डाग एका रात्रीत जीवघेणा ठरला. तो आजार करणाऱ्या बुरशा मातीत, कुजणाऱ्या पाल्यात, शिळ्या पावावर वाढतात. त्या स्वतः काळ्या नसतात. रक्तपुरवठा तुटून मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. आणि तो आजार झाला तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्यांना. अमेरिकेतही ‘विषारी काळ्या बुरशी’ची अशीच धास्ती होती. 1993-94 मध्ये क्लीव्हलँडमध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाल्यावर स्टॅकिबॉट्रिस नावाच्या बुरशीवर बोट ठेवलं गेलं. 2000 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या निष्कर्षाचा फेरविचार करून संबंध सिद्ध होत नसल्याचं जाहीर केलं. रंगावरून जात कळत नाही आणि जातीवरून धोका ठरत नाही. म्हणून घरातल्या बुरशीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात बहुतेकदा अर्थ नसतो. कुठलीही असली तरी करायचं तेच असतं.

मग धोका नाहीच का? आहे, आणि इथे दुसऱ्या टोकाचा समज आड येतो: ‘पावसाळ्यात सगळ्यांच्याच भिंती अशा होतात, त्यात काय?’ जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, खोकला, घरघर आणि दमा यांचा धोका वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. बीजाणूंची अमुक संख्या सुरक्षित, अशी मर्यादा मात्र तिने घातलेली नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर हटवा, एवढंच ती सांगते. धडधाकट माणसाला सहसा शिंकांपलीकडे काही होत नाही. दमेकऱ्याला आणि लहान मुलाला होतं. त्यामुळे ज्याला दमा आहे त्याने भिंत घासू नये, आणि घासणाऱ्याने एन-95 मास्क, हातमोजे घालावेत. डाग कोरडा असताना झाडूने झटकू नये, आधी ओला करावा. तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल तर गडबड भिंतीच्या आत आहे असं धरून चालावं.

साफ करायचं कशाने, यावर घरोघरी मतं आहेत. टाइल, काच, पत्रा यांच्यावर साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. प्लास्टरवर ब्लीच टाकलं की डागाचा रंग जातो, आणि रंग गेला म्हणजे बुरशी गेली असं वाटतं. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी करू शकते, म्हणून ती मारण्यापेक्षा घासून काढणं महत्त्वाचं, आणि नेहमीच्या साफसफाईत ब्लीच वापरण्याची शिफारसही केली जात नाही. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो प्राणावर बेतू शकतो. कापूर आणि डांबरगोळ्या कुबट वास झाकतात, ओल शोषत नाहीत. मिठाची वाटी थोडी शोषते खरी, पण हिशेब पाहा: दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत, 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना नुसत्या हवेतच साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, आणि दाराच्या फटीतून नवं सतत येत राहतं. तिथे वाटी काय करणार? राहिला रंग. ओल्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शन किंवा पुट्टी मारली, पीव्हीसीचे पॅनेल ठोकले, की पाणी आत कोंडतं आणि बुरशी दिसेनाशी होऊन वाढते. आपल्याकडचा जुना चुन्याचा हात या बाबतीत शहाणा होता. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही आणि तो भिंतीतली वाफ बाहेर पडू देतो.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला अर्धा खरा आहे. तो थंड देशांतून आला. तिथे बाहेरची थंड हवा मुळातच कमी पाणी बाळगते. जुलैत कडोदऱ्याच्या बाहेरच्याच हवेत 80-90 टक्के आर्द्रता असते, ती आत घेऊन भिंत वाळणार नाही. आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवा, हे अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेचं वाक्य एसी नसलेल्या खोलीत पावसाळाभर पाळणं अशक्य आहे, हे कबूल केलेलं बरं. पण भात शिजताना, आंघोळीनंतर आणि पाच-सहा माणसं एका खोलीत झोपल्यावर आतली हवा बाहेरच्यापेक्षाही ओली होते. खिडकी उघडायची ती तेव्हा, आणि उघडीप पडली की. हाताने पिळलेल्या कपड्यांच्या एका बादलीतून लिटरभर तरी पाणी हवेत जातं. दोरी गॅलरीत बांधली तर ते खोलीत येत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटं पुढे ओढावं, म्हणजे पंख्याची हवा मागे पोचते.

मात्र सगळा दोष हवेचा असता तर चारही भिंती सारख्याच माखल्या असत्या. ठिपके एका कोपऱ्यात येतात तेव्हा तो कोपरा काहीतरी सांगत असतो. छताच्या कडेला डाग असेल तर गच्ची किंवा पन्हाळी बघा. जमिनीपासून वर चढत जाऊन एका रेषेवर थांबला असेल तर पायातली ओल. मोरीच्या मागच्या भिंतीवर बाराही महिने असेल तर नळाचा पाइप. शंका उरली तर डागाशेजारच्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावं. पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतून. गळती बंद झाल्यावरही विटांची भिंत वाळायला महिने जातात. म्हणून पावसाने भिजलेल्या भिंतीला लगेच दिवाळीत रंग देण्याची घाई अंगाशी येते.

ओल हाच मुद्दा आहे हे स्वयंपाकघरात तर जीवावर बेतून सिद्ध झालं आहे. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि शेजारच्या राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत, भिजलेला आणि नीट न वाळवलेला मका खाऊन आदिवासी गावांत यकृताच्या आजाराची साथ आली. नोंदल्या गेलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. कारण होतं मक्यावरच्या ॲस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष. रोजच्या शिजवण्या-भाजण्याने ते नष्ट होत नाही. तेव्हा बुरशी आलेले शेंगदाणे, मका, मिरच्या उन्हात घालून ‘चालवून घेणं’ हा काटकसरीचा समज सर्वांत महाग पडू शकतो. ऊन बुरशी येण्याआधी द्यायचं असतं.

यावर घरमालकांचा एक ठरलेला आक्षेप असतो: भाडेकरू खोलीत कपडे वाळवतात, दाटीवाटीने राहतात, दोष त्यांचाच. काही अंशी तो खरा आहे, वरच्या बादलीचा हिशेब तेच दाखवतो. पण इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी हाच युक्तिवाद कुठे पोचला ते पाहण्यासारखं आहे. अवाब इशाक या मुलाच्या वडिलांनी 2017 मध्ये घरातल्या बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं. डिसेंबर 2020 मध्ये दोन वर्षांचं ते मूल दगावलं. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्युचौकशीत घरातली बुरशी हेच कारण नोंदलं गेलं, आणि कुटुंबाच्या राहणीकडे बोट दाखवणाऱ्या घरमालक संस्थेवर ताशेरे बसले. 2023 च्या कायद्याने सामाजिक घरांच्या मालकांवर ओल आणि बुरशी ठरलेल्या मुदतीत दूर करण्याचं बंधन आणलं. ते त्या मुलाच्याच नावाने ओळखलं जातं. कपडे कुठे वाळवायचे हे भाडेकरूच्या हातात आहे. गच्चीचा उतार, पन्हाळी आणि मोरीचा पाइप त्याच्या हातात नाहीत. कडोदरा-पलसाण्याकडे खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी दिवाळीच्या रंगाचे पैसे एप्रिल-मे महिन्यांत, भिंती वाळलेल्या असताना, गच्चीवर खर्च करावेत; आणि खोली शोधणाऱ्यांनी ती शक्यतो ऑगस्टमध्ये, कपाटामागची भिंत हाताने चाचपून, मगच ठरवावी.