काळजीचे तास कोण मोजणार?

घरातलं एक माणूस अंथरुणाला खिळलं की अख्ख्या घराचं घड्याळ त्या एका खाटेभोवती फिरायला लागतं. सकाळचं तोंड धुणं, अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, कुशीवर वळवणं, औषधं, पुन्हा कपडे. रात्री दोनदा-तीनदा उठणं तर ठरलेलंच. हे सगळं बहुतेक घरांत बाईच करते. ती कधी बायको असते, कधी सून, कधी लग्न न झालेली मुलगी. तिला कुणी विचारलं, “काय करता हो?” तर उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते.”

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्यांची काळजी घेणारी बाई या कामाला दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देते आणि काळजी घेणारा पुरुष ७६ मिनिटं, असं त्यात आढळलं. ही सरासरी आहे. ज्या घरात माणूस पूर्ण झोपून आहे, तिथे मिनिटं मोजायलाही कुणाला फुरसत नसते.

मी गेली काही वर्षं वस्तीतल्या बायकांना दाखले, अर्ज, योजना यांत मदत करते. या कामात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, “ताई, घरी सांभाळायला सरकारचं काही मिळतं का हो?” उत्तर अर्धं ‘हो’ आहे आणि अर्धं ‘नाही’. आधी ‘हो’चं सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत एक सून आहे. शाळेत पोषण आहार शिजवायच्या कामाला जायची. सासूबाईंना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि हिचं काम सुटलं. नवरा मजुरीला. दीड वर्ष असं चाललेलं. मी विचारलं, “आत्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंस का?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “अहो ताई, आत्या काय अपंग आहेत का? म्हातारपण आहे ते!”

मैत्रिणींनो, नेमकं इथेच घोडं अडतं. आपल्या डोळ्यांपुढे दिव्यांग म्हटलं की जन्मापासून पायाने अधू असलेलं मूल येतं. सत्तरीत हात-पाय गेले, दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, तर आपण ते ‘वयोमानानुसार’ या सदरात टाकून मोकळे होतो. कायदा तसं म्हणत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेले आहेत. हालचालीचं अपंगत्व, अंधत्व आणि कमी दृष्टी, ऐकू न येणं, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हे त्यात आहेतच, पण पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिससुद्धा आहेत. ते कोणत्या वयात आलं हे कायदा विचारत नाही. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. नुसतं वय सांगून जे मिळत नाही, ते या एका कागदावर मिळू शकतं.

आता हा कागद काढायचा कसा? ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा. सेतू किंवा आपले सरकार केंद्रातूनही भरून घेता येतो. आधार कार्ड, फोटो, आजाराचे कागद लागतात. मग सरकारी रुग्णालयात तपासणी. लकवा नुकताच झाला असेल तर डॉक्टर साधारण सहा महिने थांबायला सांगतात, कारण तोवर सुधारणा होत असते. प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० पर्यंत पिवळं आणि त्यापुढे निळं. कुणाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे यावरूनच अंदाज येतो.

तपासणीची एक गंमत सांगते, आणि ती गंमत महागात पडते. आपली म्हातारी माणसं डॉक्टरसमोर गेली की एकदम ताठ होतात. घरी पाण्याचा तांब्या उचलत नाही, पण डॉक्टरने विचारलं, “आजी, स्वतःचं स्वतः करता का?” की आजी म्हणतात, “करते की! मी कुणावर ओझं नाही.” झालं! स्वाभिमान चांगलाच, पण त्या दिवशी तो घरी ठेवून जायचा. म्हणून मी बायकांना एक वही करायला सांगते. आठ दिवस रोज लिहायचं. कोणतं काम स्वतः होतं, कोणत्या कामाला हात द्यावा लागतो, कोणतं काम पूर्ण दुसऱ्याने करावं लागतं, रात्री किती वेळा उठावं लागतं. ही वही सोबत न्यायची आणि सोबत तीच बाई जायला हवी, जी रोज करते. पुष्कळदा मुलगा रजा काढून आईला घेऊन जातो आणि डॉक्टरने काही विचारलं की घरी फोन लावतो!

आत्यांना रिक्षात दोघींनी धरून बसवलं, रुग्णालयात व्हीलचेअर मिळेपर्यंत तासभर बाकावर. दोन खेपा झाल्या. पण ६५ टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं.

त्यापुढचा टप्पा तहसील कार्यालयाचा. पासष्टच्या आतल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, पासष्ट आणि त्यापुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि आधार जोडलेलं बँक खातं एवढं लागतं. उत्पन्नाची मर्यादा इतरांना वर्षाला २१ हजार रुपये आणि दिव्यांगांना ५० हजार ठेवलेली आहे. म्हणजे इथेही त्या प्रमाणपत्राने फरक पडतो. रकमेतही पडतो. या योजनांची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यातल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. अटी आणि आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना तहसीलमध्ये विचारून घ्यायचं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायलाही विसरायचं नाही, नाहीतर पैसे थांबतात.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगते. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ६५ पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारायला लाजू नका. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि वेदनाशामक देखभाल धरलेली आहे. म्हणून आशाताईला सांगून ठेवा की आमच्या घरी झोपून असलेलं माणूस आहे. आणि ज्येष्ठांसाठीची देशभरातली मोफत हेल्पलाइन आहे १४५६७. फ्रिजवर चिकटवून ठेवावा असा नंबर आहे.

इथपर्यंत ‘हो’. आता ‘नाही’.

आत्यांचे पैसे सुरू झाले तेव्हा सून पेढे घेऊन आली. जाताना मात्र म्हणाली, “ताई, औषधाला झाले बघा. पण माझं काम सुटलं ते सुटलंच. रात्रीचं उठणं कुणाच्या खात्यात धरायचं?”

तिचा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे सरकार माणसाचं अपंगत्व टक्क्यांत मोजतं. त्याला सांभाळायला दिवसाचे किती तास लागतात, हे त्या टक्क्यांतून कळत नाही. ६५ टक्के म्हणजे आंघोळ स्वतः होते की नाही? भरवावं लागतं की नाही? रात्री एकटं ठेवता येतं की नाही? अर्जात हे रकानेच नाहीत. आणि सांभाळणारीचं नाव लिहायला तर जागाच नाही.

दुसरीकडे कसं असतं ते माझ्या मावसबहिणीच्या नणंदेकडून कळलं. ती कॅलिफोर्नियात असते, सासरे तिच्याकडेच. तिथे ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ नावाची सरकारी योजना आहे. माणूस ६५ च्या पुढचा, अंध किंवा दिव्यांग हवा, स्वतःच्या घरी राहणारा हवा आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या ‘मेडी-कॅल’ या सरकारी आरोग्य योजनेत बसणारा हवा. डॉक्टरचा कागद लागतोच, पण त्यावर थांबत नाहीत. काउंटीची समाजसेविका घरी येते आणि एकेक काम विचारते. आंघोळ, कपडे, संडास, जेवण भरवणं, पलंगावरून खुर्चीत घेणं, स्वयंपाक, धुणं, बाजार, डॉक्टरकडे नेणं. प्रत्येक कामाला किती मदत लागते ते ठरवून तास लिहिले जातात. जास्तीत जास्त महिन्याला २८३ तास. तेवढ्या तासांचा पगार काळजी घेणाऱ्याला मिळतो आणि ती व्यक्ती घरातलीच, म्हणजे मुलगी, सून, अगदी जोडीदारही असू शकते. तास कमी दिले असं वाटलं तर दाद मागता येते.

तिकडे सगळं गुलाबी आहे असं नाही. कागदपत्रांचं जंजाळ तिथेही आहे, दरवर्षी पुन्हा तपासणी होते आणि उत्पन्न थोडं वर गेलं की माणूस बाहेर. पैशांच्या बाबतीत आपली नि त्यांची बरोबरी मी करतच नाही. मला आवडला तो प्रश्न विचारायची पद्धत. ‘तुम्हाला काय झालंय?’ एवढ्यावर न थांबता ‘तुमचं कोणतं काम दुसऱ्याला करावं लागतं?’ असं विचारणं. हा प्रश्न विचारायला तर पैसे लागत नाहीत!

आणि आपल्या कायद्यातही हा विचार नाही असं नाही बरं का. त्याच २०१६ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमात ‘उच्च आधाराची गरज’ मांडली आहे. रोजच्या व्यवहारांसाठी ज्यांना सतत, सखोल मदत लागते अशा, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणीही अर्ज करायचा, मंडळाने तिची गरज तपासायची, असं तिथे म्हटलं आहे. २४ व्या कलमात अशा व्यक्तींसाठी ‘केअरगिव्हर भत्ता’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. केरळात ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना चालते. ती अंथरुणाला खिळलेल्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी आहे. रक्कम अनेक वर्षं महिना ६०० रुपये, म्हणजे अगदीच तुटपुंजी, आणि वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारीही भरपूर. तरीसुद्धा त्या यादीत सांभाळणारीचं नाव आहे, हे मला मोठं वाटतं.

कुणी म्हणेल, “आई-वडलांना, सासू-सासऱ्यांना सांभाळायचे पैसे मागायचे? आपली संस्कृती ती काय!” हा प्रश्न मला सभांमध्ये हमखास येतो, आणि विचारणारे बहुतेक करून ज्यांना रात्री उठावं लागत नाही तेच असतात. माया आहे म्हणून तर ती करते. पण माया केल्याने कंबर दुखायची थांबत नाही आणि सुटलेला पगारही परत येत नाही. काळजी घेणारी मोडून पडली, तर त्या घरात मग दोन माणसं झोपून असतात. तिला आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, तिने गमावलेल्या रोजगारातलं थोडं तरी भरून यावं, यात संस्कृती कुठे बुडते?

म्हणून माझं सांगणं एवढंच. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांनी आधी प्रमाणपत्र काढा, तहसीलची पेन्शन लावून घ्या. पण तिथे थांबू नका. आठ दिवसांची ती वही जोडून कलम ३८ चा उल्लेख करून एक साधा अर्ज लिहा. आमच्या माणसाला रोज इतके तास मदत लागते, ती अमुक व्यक्ती करते, आम्हाला उच्च आधाराची गरज तपासून हवी आहे. जिल्ह्यात दिव्यांग कल्याणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात तो द्या, एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका. लगेच पैसे मिळतील असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण अर्जच आले नाहीत तर ‘अशी गरज कुणाला नाही’ असंच वर कळवलं जाईल.

आणि हो, त्या अर्जात ‘काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव’ असा रकाना स्वतःच आखा. त्यात तुमचं नाव पूर्ण लिहा, स्पष्ट अक्षरात.