संगणकाचें कुलूप किती जड असावें?

कुलूप किती जड असावें, हें चोराच्या बळावरून जितकें ठरतें, तितकेंच दिवसांतून दहा वेळां किल्ली घेऊन दाराशीं येणाऱ्या घरच्या माणसावरूनहि ठरतें. रायगडाचे दरवाजे सूर्यास्तीं मिटले, म्हणून तान्ह्या लेकरासाठीं हिरकणी कडा उतरून गेली, ही आख्यायिका वाचकांस ठाऊक आहेच. ती कांहीं शत्रु नव्हती. परंतु तिच्या निकडीनें गडाची उघडी बाजू दाखविली.

संगणकाच्या परवलीच्या शब्दाचेंहि असेंच आहे. मोखाड्याकडे पोशेऱ्यासारख्या गांवीं शाळेंतील वा ग्रामपंचायतींतील संगणक एकट्याचा क्वचित् असतो. त्याचा पडदा दर मिनिटास मिटूं लागला व प्रत्येक वेळीं बारा अक्षरांचा शब्द मागूं लागला, कीं तो शब्द चिठीवर लिहून यंत्राच्या कडेस डकविला गेलाच म्हणून समजावें!

मौज अशी, कीं संगणकावर हा शब्द आला तोहि वाटणीच्या यंत्रामुळेंच. १९६१ च्या सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत फर्नांडो कोर्बातो यांनीं एकच यंत्र अनेकांनीं एकाच काळीं वापरण्याची योजना केली, आणि प्रत्येकाचें दप्तर वेगळें राखण्यास परवलीचा शब्द योजला. आजहि तेंच करावें. प्रत्येकास स्वतंत्र खातें द्यावें. साऱ्या कचेरीस ठाऊक असलेला शब्द गुप्त कसला?

तो दर महिन्यास बदलण्याची सक्तीहि व्यर्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेनें २०१७ सालीं ती सोडण्याचा सल्ला दिला; सक्ती झाली कीं माणूस शेवटचा आंकडा तेवढा बदलतो.

चार आंकड्यांचा पिन पोरकट वाटतो खरा. पण विंडोजमधील पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. कोणीं पाहिला तरी यंत्र हातीं आल्यावांचून तो निरुपयोगी. उलट खात्याचा शब्द फुटला, कीं तो कोठूनहि चालतो. बोटाचा ठसा त्याहून सोपा. मात्र विळा-कोयता धरणाऱ्या बोटांवरील रेषा झिजतात, तेथें पिनची जोड हवीच.

पडदा मिटण्यास घरीं दहा मिनिटें पुरेत. चारचौघांच्या कचेरींत दोन-तीनच. शिवाय उठतांना विंडोजची कळ व ‘एल’ एकदम दाबली, कीं पडद्यास तत्क्षणीं कुलूप लागतें.

एस. टी. नें नेण्याच्या लॅपटॉपास मात्र एवढ्यानें भागत नाहीं. त्यांतील तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, तर परवलीचा शब्द कोणी विचारीतच नाहीं. तेथें तबकडीवरील मजकूरच सांकेतिक करून ठेवावा लागतो; आणि त्याची लांबलचक किल्ली मात्र कागदावर उतरून घरच्या कपाटांत ठेवणें योग्य.