लेकराला संत्रं तोडायला न्यायचंय? आधी हे ऐका

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं..." आणि "म्हणजे काय की..." तेवढे गाळलेत.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्रांचे स्टेटस तुम्हीही बघत असाल. हिवाळा आला की महाबळेश्वर-पाचगणी, स्ट्रॉबेरीचा वाफा, आणि त्यात दोन-अडीच वर्षांचं पोट्टं लाल तोंड करून बसलेलं. मग आपल्या यवतमाळातल्या ताई-वहिनी विचारतात, "आपल्याकडे असं काही नाही का रे?" तिकीट काढा, टोपली घ्या आणि फळं तोडा, असल्या तयार जागा आपल्याकडे विरळाच. पण संत्रा आहे ना बाप्पा! वरुड-मोर्शीएवढा नसेल, पण दारव्हा, नेर या भागात बागा आहेत. आणि यवतमाळात ज्याचा एकही नातेवाईक शेतकरी नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

लहान लेकरांसाठी संत्रा हे फळ सोयीचं का, तर झाडाच्या ठेवणीमुळे. फळांच्या वजनानं खालच्या फांद्या अगदी जमिनीपर्यंत लवतात. दोन वर्षांच्या लेकराची उंची साधारण ऐंशी-नव्वद सेंटीमीटर, आणि तेवढ्या उंचीवर त्याला भरपूर संत्री दिसतात. कडेवर घ्यायची गरज नाही, शिडी नाही. बोरीला काटे असतात. सीताफळ तोडायला सोपं, पण त्याच्या बिया विषारी, चावल्या तर त्रास आणि त्यांची पूड डोळ्यात गेली तर जास्तच त्रास. पेरू चालेल. पण पहिल्या खेपेला संत्राच.

आता कधी जायचं? इथे जरा थांबतो, कारण सगळी गंमत यातच आहे.

संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतं. मृग बहाराची फुलं पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. बागेला काही दिवस पाणी तोडून ताण देतात, झाडाची वाढ थांबते, मग पाणी मिळालं की झाड फुलतं. थोडक्यात, सिस्टीम रीस्टार्ट.

बहुतेक लोक दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतात, म्हणजे आंबिया. तेव्हा फळ आतून गोड असलं तरी साल बरेचदा हिरवी असते. रात्री गार पडायला लागल्या की सालीतला हिरवा रंग उतरतो आणि आतला केशरी दिसू लागतो. म्हणजे रंगाचा संबंध जेवढा पिकण्याशी, तेवढाच थंडीशी. पण लेकराला हे कोण समजावणार? पुस्तकातलं संत्रं केशरी असतं, आणि समोरचं हिरवं. त्याच्या दृष्टीनं तुम्ही त्याला लिंबाच्या बागेत आणलंय.

माझं मत फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला. फळाला रंग असतो, गोडी असते, ऊन अजून अंगावर आलेलं नसतं. एप्रिलमध्ये यवतमाळचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. एक मात्र आहे, या दिवसांत आंबियाच्या बागा फुलावर असतात. वास इतका सुंदर की तिथेच बसावं वाटतं, पण मधमाश्याही तेवढ्याच. लेकराला घेऊन फुललेल्या बागेत शिरू नका. मृगाचं फळ उभं आहे अशीच बाग बघा.

आणि मार्चकडे झुकण्याचं आणखी एक कारण आहे. ते आपल्या जिल्ह्याचं आहे, आणि त्याबद्दल हसत-हसत बोलता येत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक आजारी पडले, यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय भरून गेलं होतं. ती धडधाकट माणसं होती. लेकराचं वजन दहा-बारा किलो, आणि हात अर्धा वेळ तोंडात. तेवढंच औषध त्याच्या अंगावर आलं तर ते कितीतरी पट जास्त होतं.

म्हणून नुसती संत्र्याची बाग स्वच्छ असून भागत नाही, बांधापलीकडे काय आहे ते बघायचं. ऑक्टोबरात शेजारच्या वावरात कपाशी उभी असते आणि तिच्यावर फवारा चालू असू शकतो. वारा फिरला की तो तुमच्याकडे. मार्च येईपर्यंत बहुतेक ठिकाणी पऱ्हाटी उपटून झालेली असते.

शेतकऱ्याला "ऑर्गॅनिक आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम "हो" येतं, आणि त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. सरळ विचारा, "भाऊ, शेवटची फवारणी कधी झाली? कशाची?" औषधासोबतच्या माहितीपत्रकात फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं ते दिलेलं असतं. तेवढे दिवस उलटलेत का ते बघा, थोडे जास्तच उलटू द्या. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, बाकीच्यांपेक्षा कमी विषारी एवढंच.

संत्रं सोलून खातात म्हणून आपण निर्धास्त असतो. पण सोलणारे हात तेच, आणि फोड भरवणारेही तेच. म्हणून आधी फळ धुवा, मोठ्यांनी सोला, हात धुवा, मग फोड द्या. पाण्याचा कॅन घरून न्या. झाडाखाली पडलेलं फळ खायला देऊ नका. फळगळीची कारणं बरीच असतात, बुरशी आणि किडीही त्यात आल्या. आणि बांधावर, गोठ्याच्या कोपऱ्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. रंगीत असतात, झाकण फिरतं, लेकराला खेळणंच वाटतं. पोचल्यावर सगळ्यात आधी एक मोठा माणूस चक्कर मारून येऊ द्या. चुकून संपर्क झालाच तर कपडे काढा, अंग भरपूर पाण्यानं धुवा, ओकारी काढायला लावू नका, १०८ ला फोन करा आणि ती बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात सोबत न्या.

त्याच चक्करमध्ये आणखी तीन गोष्टी बघायच्या. विहिरीला कठडा आहे का? शेततळं आहे का? शेततळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की आत घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तिसरं म्हणजे झटका मशीन. रोही आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडलेला असतो. बहुतेक जण रात्रीच चालू ठेवतात, पण विचारून घ्या आणि आपण असेपर्यंत बंद करायला सांगा. एका लेकरामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाचा मोबाईल खिशात. रील दुसऱ्यानं काढावी.

बरं, आता तोडणी.

संत्रं ओढून तोडायचं नसतं. ओढलं की देठाजवळची साल फाटते, तिथून बुरशी शिरते आणि तेवढं एक फळ कॅरेटमधली शेजारची चार फळं नासवतं. मजूर छोट्या कात्रीनं फळाला लागून देठ कापतात. लेकरासोबत वाटणी अशी करा: कात्री तुमची, फळ त्याचं. त्यानं दोन्ही हातांनी खालून फळ धरायचं, तुम्ही देठ कापायचा, आणि फळ त्याच्या ओंजळीत पडतं. तो क्षण त्याला पुरेसा असतो, खरं सांगतो. कच्चं तोडू देऊ नका. आंब्यासारखं संत्रं घरी अढीत पिकत नाही, तोडलं तेव्हा जेवढं गोड तेवढंच गोड राहतं. फांदी हलवायची नाही हे आधीच सांगा. ते ऐकणार नाही, पण सांगा.

फोड देताना वरचा पापुद्रा आणि बिया काढून, लहान तुकडा करून, बसवून द्या. पळता-पळता खाणं म्हणजे घशात अडकण्याला आमंत्रण. यावरून आठवलं, संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान आपण बोरन्हाण करतो ना, त्यातली बोरं आणि उसाचे तुकडे वेचायला जमलेल्या लेकरांवरही हीच नजर ठेवा. अख्खं बोर तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती नकोच. अडकलंच आणि लेकराला खोकताही येत नसेल, तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग बेंबीच्या वर पोटावर पाच धक्के, आलटून-पालटून, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा.

सकाळी नऊला बागेत, साडेदहाला बाहेर. त्यातली तोडणी फार तर वीस मिनिटं, बाकी वेळ माती, काड्या आणि मुंगळे. त्यात वाईट काही नाही. घरी संत्र्याला तोंड न लावणारं लेकरू तिथे लगेच खाईल असंही नाही. नवी चव रुळायला कधी कधी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. बागेतली ही त्यातली एक.

शेवटी पैशाचं. बागायतदार बरेचदा उभी बाग आधीच व्यापाऱ्याला विकून मोकळा झालेला असतो. मग झाडावरचं फळ त्याचं नसतंच, आणि तुम्ही पाहुणे म्हणून गेलात की तो "नाही" म्हणू शकत नाही, भिडेस्तव व्यापाऱ्याचा माल तोडू देतो आणि नंतर बोलणी खातो. म्हणून फोनवरच विचारा, "काकाजी, बाग दिली का?" दिली असेल तर घरी खायला म्हणून राखलेली दोन-चार झाडं आहेत का ते विचारा. आणि तोडलेल्या फळांचे पैसे यवतमाळच्या बाजारात जो किरकोळ भाव चालू आहे त्यानं द्या. काकाजी "राहू दे रे" म्हणतीलच. तरी द्या, लेकराच्या हातून द्या म्हणजे ते परत करत नाहीत.