पाणी बंद, हीटर चालू!

गावाला निघताना आपल्याकडे घर बंद करायचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. गॅसचा रेग्युलेटर बंद, फ्रिज रिकामा, मेन स्विच खाली. आणि कुलूप लावता लावता आईचा प्रश्न, ‘सगळं बंद केलं ना?’

हीच सवय घेऊन आपली मुलं कॅनडा-अमेरिकेत शिकायला जातात. डिसेंबरची सुट्टी लागते. कुणी तीन आठवडे भारतात येतं, कुणी दुसऱ्या शहरात मित्राकडे. निघताना दिवे बंद आणि सोबत हीटिंगही बंद. रिकाम्या घराला कशाला हवी ऊब? तेवढेच चार डॉलर वाचतील! पण बाहेर पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर गेला की ही बचत फार महागात पडते.

कारण शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच आहे. पाणी गोठलं की साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. पाइपमध्ये बर्फ झाला, की बर्फ आणि बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि पाइप फुटतो. गंमत म्हणजे गोठलेलं असेपर्यंत कळतही नाही. बर्फ वितळला की मग घरभर पाणी. आणि आपण तर हजारो मैल लांब!

हे फक्त कॅनडातच होतं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये, म्हणजे एरवी उकाड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात, डॅलसचा पारा उणे १९ अंशांपर्यंत घसरला. लाखो घरांची वीज गेली, हीटिंग थांबलं आणि ठिकठिकाणी पाइप फुटले. तिथली अनेक घरं अशा थंडीसाठी बांधलेलीच नव्हती.

पाइपांसोबत घरातली मशीनही गारठतात. वॉशिंग मशीन दिसायला कोरडं असतं, पण पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात आणि मागच्या पाइपात थोडं पाणी उरतंच. डिशवॉशरच्या तळाशीही तेच. मशीन गॅरेजमध्ये किंवा गार बेसमेंटमध्ये असेल तर हे पाणी गोठून पंप तडकू शकतो. अशा वेळी बटण दाबून ‘बघू चालतंय का’ करायचं नाही. आधी खोली गरम होऊ द्यायची.

फ्रिजचं तर आणखी भन्नाट. गॅरेज खूप गार झालं की साध्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटला वाटतं, आत पुरेसं गार आहे. तो कॉम्प्रेसर चालूच करत नाही आणि वरच्या फ्रीझरमधलं सामान चक्क वितळायला लागतं. आईने बांधून दिलेल्या पुरणपोळ्या तिथे ठेवल्या असतील तर आधी घरात आणा!

मग निघताना करायचं काय? आपल्या सवयीच्या बरोबर उलट. हीटिंग चालू ठेवायचं. अमेरिकन रेड क्रॉसचा सल्ला आहे की बाहेरगावी जातानाही थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. बंद करायचं ते पाणी. घरमालकाला विचारून मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. अपार्टमेंटमध्ये ते जमत नसेल तर निदान वॉशिंग मशीनचे नळ तरी बंद करा.

घरातच असाल आणि कडाक्याची थंडी असेल तर बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाइपांपर्यंत पोहोचते. तो नळ रात्रभर बारीक धारेने चालू ठेवा. नळ टपकलेला आपल्याला बघवत नाही, कबूल. पण वाहतं पाणी सहजी गोठत नाही. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने हळूहळू शेकवा. मेणबत्ती, लायटर किंवा गॅसची ज्योत अजिबात नको, आग लागू शकते.

आता मुद्दा पैशांचा. घरमालकाचा विमा सहसा इमारतीपुरता असतो. तुमचा लॅपटॉप, पुस्तकं, गादी त्यात येत नाही. त्यासाठी भाडेकरूचा वेगळा विमा काढावा लागतो. शिवाय घर गरम ठेवलं नाही म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो. नुकसानीचं बिल तुमच्या नावावर फाडलं जाण्याची शक्यताही असते. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांवर ते आणखी कुणाला परवडणार? म्हणून भाडेकरार सही करण्याआधी वाचा आणि निघण्याआधी घरमालकाला तारखांचा एक मेल टाका.

जानेवारीच्या अ‍ॅडमिशनसाठी निघालेल्यांनो, थर्मल आणि जॅकेटची यादी तुमच्याकडे असेलच. नव्या घराची किल्ली हातात आली की पहिल्यांदा वायफायचा पासवर्ड विचाराल, तोही ठीक. पण त्याच दमात आणखी एक प्रश्न विचारून टाका : पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?