गळ्यावरची गाठ पदराआड नको!



आमच्या मुरुडला बायका अगदी खात्रीनं म्हणतात, "आपण समुद्राची मासळी खाणाऱ्या. आपल्याला कसला आलाय थायरॉईड!" शेजारच्या वहिनीही असंच म्हणायच्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोराएवढी गाठ होती; दुखत नव्हती, म्हणून वर्षभर पदराआड राहिली. शेवटी लेकीच्या हट्टानं तपासणी झाली आणि थायरॉईडचा कर्करोग निघाला. "आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग मलाच कसा?" त्यांचा पहिला प्रश्न!

हा कर्करोग बहुधा वारशानं येत नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पाककृतींची एकच वही असते असं समजा. एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. पण सगळी पानं रोज कुठे उघडतो आपण? थायरॉईडची पेशी आयोडीन आत ओढण्याचं पान उघडं ठेवते, नको ती मिटून ठेवते. कधी पानाला एखादा बारीक रासायनिक तुकडा चिकटतो. खळ लागल्यासारखं पान बंद! अक्षर शाबूत, पण वाचता येत नाही.

थायरॉईडच्या नेहमी आढळणाऱ्या कर्करोगात पुष्कळदा 'बीराफ' नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक होते. मग "वाढा, वाढा" हा हुकूम थांबतच नाही, आणि आयोडीनचं पान हळूहळू मिटत जातं.

याचा उपचाराशी फार जवळचा संबंध आहे. शस्त्रक्रियेनंतर गरजेप्रमाणे किरणोत्सारी आयोडीन देतात. मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या कामात आहे. औषधाआधी एक-दोन आठवडे मासळी आणि आयोडीनचं मीठ बंद करायला सांगतात. का, तर भुकेल्या पेशींनी औषध चटकन घ्यावं! पण पानच मिटलं असेल, तर औषध आत शिरत नाही.

मिटलेलं पान पुन्हा उघडता येतं का? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 20 रुग्णांना त्यासाठी गोळ्या दिल्या. 12 जणांच्या गाठी आयोडीन जास्त घेऊ लागल्या. 8 जणांना पुन्हा आयोडीनचा उपचार देता आला. सर्वांसाठी हा उपाय अजून नाही, पण वाट दिसली आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या टाटा केंद्रातही या आयोडीनच्या जनुकावर संशोधन झालं आहे.

तोवर आपल्या हाती काय? आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या. गिळताना गळ्यात काही वरखाली होताना दिसतं का, पाहा. गाठ दिसली, आवाज काही आठवडे बसलेला राहिला, गिळायला त्रास झाला, तर डॉक्टरांकडे जा. घाबरू मात्र नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि असल्या तरी वेळेवर कळल्या तर बहुतेकजणी बऱ्या होतात. हा रोग पुरुषांपेक्षा बायकांत जवळजवळ तिप्पट आढळतो, म्हणून एवढा आग्रह.

वहिनी आता रोज सकाळी अनशापोटी एक गोळी घेतात आणि मासळीबाजारात दिसेल तिला सांगतात, "गळा दाखव गं जरा!"