नाव विसरलेला बोलपट कसा ओळखावा?

बालपणी पाहिलेल्या अॅनिमेशनपटाचे, म्हणजे स्थिर चित्रांच्या मालिकेतून हालचालीचा भास निर्माण करणाऱ्या चित्रपटाचे, शीर्षक बहुधा विस्मरणात जाते. मात्र कथेतील एखादे दृश्य आणि गाण्याची चाल दीर्घकाळ टिकते.

ठळक उदाहरण : दूरदर्शन हीच एकमेव वाहिनी असलेल्या काळात पुण्यापासून चंदीगडजवळच्या पिंजौरपर्यंतच्या मुलांनी पाहिलेला, जाळ्यासह उडणाऱ्या पक्ष्यांचा आणि ते जाळे कुरतडणाऱ्या उंदरांचा लघुपट अनेकांना केवळ 'चिमण्यांचे गाणे' म्हणून आठवतो. त्याचे खरे शीर्षक 'एक अनेक और एकता' (1974) असे आहे.

निर्मिती : मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे (1921–2019) यांनी तो दिग्दर्शित केला, भीमसेन यांनी अॅनिमेशन सांभाळले, वसंत देसाई यांनी संगीत दिले आणि त्यात बालवयातील साधना सरगम यांचा आवाज आहे. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला.

ओळखीच्या खुणा : जाळ्यासह उडणाऱ्या पक्ष्यांची कथा पंचतंत्रातही येत असल्यामुळे केवळ कथानकावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते, म्हणून भाषा, चाल, पात्रांचे नाते (येथे ताई आणि धाकटा भाऊ) व प्रक्षेपणाचा काळ यांची सांगड घालून अखेरीस श्रेयनामावली, म्हणजे निर्मात्या-कलावंतांची पडद्यावरील यादी, पडताळावी. स्मृती दिशा दाखवते, परंतु निर्णायक पुरावा श्रेयनामावलीच देते.