टोपी नीट बसली, तरच डग्गा घुमतो

 स्थानकावर गाडीची वाट पाहताना दोन इअरबड्सची तुलना करायची असेल, तर आधी सिलिकॉनची टोपी बघा. ती सैल बसली की खर्ज फटीतून निसटतो आणि तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो, महागड्या बड्समध्येसुद्धा. सोबतच्या लहानमोठ्या टोप्या बदलून पाहा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असं नाही. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो.

नॉइज कॅन्सलिंगमध्ये माइक बाहेरचा आवाज टिपतो, स्पीकर त्याची उलटी लहर सोडतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. डब्यातल्या एसीची संथ घरघर त्यामुळे विरते. बाळाचं रडणं मात्र बरंचसं पोचतं: उंच स्वरांच्या लहरी आखूड, वेळ किंचित चुकली तरी खोडणं फसतं.

ब्लूटूथवरून आवाज पाठवणारं एलडॅक तंत्र सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माहिती पाठवतं, पण आयफोनवर ते चालत नाही आणि गर्दीत जोडणी टिकवायला वेग उतरवावा लागतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

ऐकताना दोन्ही संचांचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा संच उगीच सरस वाटतो. आवाज फार चढवूही नका: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. आणि फलाटावर बाहेरचा आवाज आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड लावा, म्हणजे गाडीची उद्घोषणा चुकणार नाही.